सतत थकवा येतोय? शरीर आणि मन, दोन्ही बाजूंनी कारण शोधण्याची रीत

थकव्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला बऱ्याचदा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक लिहून देतो’ किंवा ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, उगाच टेन्शन घेऊ नका’. पहिल्या उत्तरात अशक्तपणा कशाने आला हे कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्यात मनाचा त्रास हाही उपचार लागणारा आजार असतो, हे मानलेलंच नसतं. मधल्या मध्ये माणूस महिनोन्महिने तसाच दिवस ढकलत राहतो.

लग्नघरातल्या धावपळीनंतरचा किंवा तापातून उठल्यावरचा आठवडाभराचा थकवा इथे धरलेला नाही. तीन-चार आठवडे उलटूनही जो जात नाही, रात्रभर झोपूनही सकाळी तसाच असतो, ज्यामुळे रोजची कामं अडायला लागली आहेत, अशा मोठ्या माणसांमधल्या थकव्यासाठी हा लेख आहे. त्यात माझा आग्रह एकच आहे: शरीराचं कारण आणि मनाचं कारण एकाच वेळी शोधा. ‘आधी सगळ्या तपासण्या करू, काहीच निघालं नाही तर मग मनाचं बघू’ या क्रमात माणसाचे फार दिवस वाया जातात. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला नैराश्यही असू शकतं, आणि नैराश्याची गोळी घेणाऱ्या माणसाचा थायरॉइडही बिघडलेला असू शकतो.

आधी हे बघा: इथे वाट पाहायची नाही

पुढच्यापैकी काही असेल तर या लेखातल्या बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

- छातीत दाब किंवा दुखणं, ते जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत जाणं, सोबत घाम किंवा मळमळ
- बसल्या जागी धाप लागणं, किंवा आडवं झाल्यावर श्वास न पुरून उठून बसावं लागणं
- तोंड वाकडं होणं, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं
- डांबरासारखी काळी शौच (लोहाची गोळी चालू नसताना), रक्ताची उलटी, थांबत नसलेला रक्तस्राव
- शुद्ध हरपणं, गुंगी येणं, अचानक असंबद्ध बोलणं
- जीव देण्याचे विचार येणं

पहिल्या लक्षणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. स्त्रियांमध्ये, वयस्कर माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. एकदम गळून जाणं, धाप, घाम, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटणं, एवढंच दिसतं. आपल्याकडे अशा वेळी ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा-हिंग दिलं जातं आणि मोलाचे तास जातात. अचानक सुरू झालेला, याआधी कधीच न आलेला असा थकवा आणि त्याबरोबर घाम किंवा धाप असेल, तर घरी उपाय करत बसू नका. ईसीजी काढायला लावा.

जीव देण्याच्या विचारांबद्दलही इथेच लिहितो. घरातल्या कुणाबद्दल तशी शंका आली तर सरळ विचारा: ‘जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली शेतीची औषधं आणि गोळ्यांचा साठा कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी १: नुसतं ‘थकवा’ म्हणून सोडू नका, नेमकं काय होतं ते वेगळं करा

एकाच तक्रारीखाली चार निरनिराळे त्रास लपलेले असतात आणि त्यांची कारणंही वेगळी असतात.

धाप आणि दम. बसल्या जागी ठीक, पण जिना चढताना किंवा पाण्याची कळशी उचलून चालताना दम लागतो, छाती धडधडते. इथे रक्त, हृदय, फुप्फुस हे आधी तपासायचं.

अंगातलं त्राण जाणं. उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतात. ही स्नायूंची कमजोरी आहे. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, रक्तातलं पोटॅशियम, काही औषधं असा तपास करावा लागतो.

डोळ्यांवर झापड. दुपारी गाडी चालवताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये, टीव्हीसमोर डोळा लागतो. हा झोपेचा प्रश्न असतो, तो ताकदीच्या टॉनिकने सुटत नाही.

चौथा त्रास असा की अंगात बळ असतं, पण कशातच मन लागत नाही. अंघोळ करायचीही इच्छा होत नाही, आवडीची मालिका, भजनी मंडळ, नातवंडं, काहीच नको वाटतं.

शरीराच्या आजारात माणूस बऱ्याचदा म्हणतो, ‘करावंसं वाटतं हो, पण होत नाही’. नैराश्यात म्हणतो, ‘करावंसंच वाटत नाही’. हा फरक सोळा आणे पक्का नाही, पण तपास कुठून सुरू करायचा ते सांगायला पुरेसा आहे. दोन्ही वाक्यं आपलीच वाटत असतील तर तेही लिहून ठेवा, कारण दोन्ही बाजूंनी त्रास असणं मुळीच दुर्मीळ नाही.

पायरी २: दोन आठवडे वही ठेवा

रोज रात्री चार ओळी पुरतात. किती वाजता झोपलो, किती वाजता जाग आली, रात्री किती वेळा उठलो. थकवा दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त होता. काय काम केल्यावर वाढला. दिवसभरात मन कसं होतं. स्त्रियांनी पाळीच्या तारखा आणि किती पॅड लागले ते लिहावं. आठवड्यातून एकदा वजन करावं, त्याच काट्यावर, सकाळी. संध्याकाळी कणकण वाटत असेल तर ताप थर्मामीटरने मोजून आकडा लिहा. ‘अंग गरम लागतं’ यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही.

वजनाचा आकडा फार महत्त्वाचा. काही न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर ते गंभीरपणे घ्यायचं. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असं कौतुक ऐकून अनेक जणी हे लक्षण विसरून जातात.

त्याच वहीच्या मागच्या पानावर चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहा. सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी सुस्ती येते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी सोडियम आणि पोटॅशियम उतरतं. वयस्कर माणूस नवी गोळी सुरू झाल्यापासून गळून गेला असेल तर हे आधी तपासावं. काढे, चूर्णं, जिममधली पावडर, सगळं लिहा, लाजू नका. मात्र शंका आली म्हणून रक्तदाबाची किंवा फिटची गोळी मनाने बंद करू नका.

पायरी ३: शरीराची नेहमीची कारणं

सुरुवात रक्तापासून, कारण आपल्याकडे हेच सगळ्यात मोठं कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रिया त्यात येतात. हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ‘बायकांचं दहा असतंच’ हे वाक्य घराघरात आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकू येतं. ते चूक आहे. दहा बऱ्याच जणींचं असतं, म्हणून दहा ठीक होत नाही.

हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधीच शरीरातला लोहाचा साठा संपायला लागतो. फेरिटिन या तपासणीत तो दिसतो. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.२ असूनही केस गळणं, थकवा, रात्री पाय शिवशिवणं, माती-खडू-बर्फ खाण्याची इच्छा असं काही होत असेल तर फेरिटिन करून घेण्यात अर्थ आहे. अंगात ताप किंवा सूज असताना मात्र फेरिटिन खोटं चढतं, तेव्हा बरं झाल्यावर करा.

लोह कमी आहे हे कळलं, पण कशाने? हा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय काम अर्धवट राहतं. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो का, मोठ्या गाठी पडतात का, हे बघा. असेल तर सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट गरजेची आहे, नाहीतर एकीकडून गोळी आणि दुसरीकडून रक्तस्राव असं चालू राहतं. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय ते शोधलंच पाहिजे. मूळव्याध, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला पोटातला अल्सर, आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असू शकतं. इथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही असा एक आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. पेशी लहान असतील तर बहुधा लोह कमी, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट (फोलिक अॅसिड) ही जीवनसत्त्वं कमी असण्याची शक्यता. पेशी फारच लहान आणि लोहाचा साठा मात्र चांगला, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनर हा आईवडिलांकडून आलेला रक्ताचा दोष असू शकतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत तो जास्त आढळतो. त्यात वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग होत नाही. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी व्हायला हवी. त्यासाठी केंद्राचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून चालू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते.

बी-१२ हे वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही कमतरता आपल्या भागात किती पसरलेली आहे हे गेल्या अडीच दशकांत पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, जिभेची आग, उदास वाटणं ही तिची लक्षणं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं घेतलेली पँटोप्राझोल-ओमेप्राझोल यांनीही बी-१२ उतरतं. नुसतं फोलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, म्हणून बी-१२ तपासल्याशिवाय ते एकटं घेऊ नये.

थायरॉइड मंदावला की थंडी सोसत नाही, वजन वाढतं, कातडी कोरडी पडते, बद्धकोष्ठ होतं, आवाज जड होतो, पाळी बिघडते. त्याबरोबर मनही मंदावतं, म्हणून नैराश्याचा संशय आला तरी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करायचीच. केस-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात.

मधुमेहात तहान, वारंवार लघवी, वजन घटणं आणि थकवा एकत्र येतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह. काहीच त्रास नसताना असा आकडा आला तर एकदा पुन्हा तपासून खात्री करतात. लोह कमी असेल तर एचबीएवनसी थोडं चढून दिसतं आणि सिकलसेलमध्ये ते भरवशाचं राहत नाही, त्यामुळे सोबत साखर तपासलेली बरी.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं आणि वजन उतरणं असेल तर क्षयरोगाची तपासणी करा. थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात खोकला नसतोही, मानेत किंवा काखेत गाठ असते.

चिकुनगुन्या झाल्यावर सांधे महिनोन्महिने दुखू शकतात, डेंग्यूनंतर काही आठवडे अंगात ताकद नसते. तेव्हा लगेच जोरात व्यायाम सुरू करू नका, एवढं पुरे.

झोपेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण त्याची तक्रार आजारी माणूस स्वतः करतच नाही, त्याच्या शेजारी झोपणारं माणूस करतं. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मग गुदमरल्यासारखं होऊन दचकून उठणं, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं आणि दिवसभर झापड, याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. घोरणं म्हणजे गाढ झोप अशी आपली समजूत आहे, प्रत्यक्षात या माणसाची झोप रात्रभर तुटत असते. त्याने रक्तदाब वाढतो, गाडी चालवताना अपघात होतात. जोडीदाराने मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवलं तर निदान खूप सोपं होतं. ड्रायव्हरचं काम करणाऱ्यांनी यात अजिबात चालढकल करू नये.

पायरी ४: मनाची बाजू, त्याच आठवड्यात

गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून स्वतःला दोन प्रश्न विचारा. बहुतेक दिवस उदास, हताश, रिकामं वाटलं का? ज्यात आधी रस होता त्यातला रस गेला का? एकाचंही उत्तर ‘हो, जवळजवळ रोज’ असेल तर पुढे तपासायलाच हवं. यासाठी डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची पट्टी वापरतात. तिचे एकूण गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणीची गरज असते. पट्टी हे निदान नव्हे, पण बोलायला सुरुवात करून देते. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याहून जास्त काहीही आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

नैराश्य आलेला प्रत्येक माणूस रडत नाही. आपल्याकडे ते बऱ्याचदा अंगावाटे बाहेर येतं: डोकं दुखणं, पाठ धरणं, छातीत-पोटात आग, हातापायांची जळजळ, भूक मरणं. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि सकाळी सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरं वाटणं, हे नमुनेदार लक्षण आहे. पुरुषांमध्ये ते चिडचिड, भांडणं आणि वाढलेली दारू या रूपात दिसतं. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, आणि मन आणखी खाली जातं.

बाळंतपणानंतरच्या थकव्याकडे विशेष लक्ष द्या. रडू येणं, हळवं होणं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी आईला झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ असं ती सारखं म्हणू लागली, तर तिला डिंकाच्या लाडवांबरोबर डॉक्टरही हवा. त्या वेळी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासणं तितकंच गरजेचं, कारण बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि थायरॉइडही याच काळात बिघडू शकतो.

चिंतेच्या आजारात डोकं थांबतच नाही. मुलांची शाळा, हप्ते, आईवडिलांची तब्येत, एक काळजी संपली की दुसरी. खांदे-मान आखडतात, पोट बिघडतं, रात्री झोप लागायला तास जातो आणि दिवसभर माणूस दमलेला असतो. काही जणांना अचानक जीव घाबरा होण्याचा झटका येतो: छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, ‘आता आपण जाणार’ असं वाटतं. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरायला लागतो. पण पहिल्यांदा असं झालं तर हे मनाचं आहे असं घरच्यांनी ठरवू नये. ईसीजी आधी, निष्कर्ष मग. थायरॉइड जास्त झाला तरी असंच धडधडतं.

‘वेड्याचा डॉक्टर’ या भीतीने लोक मानसोपचारतज्ज्ञांकडे जात नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे दहात एक. तुमच्या इमारतीत, वाडीत, ऑफिसात हा त्रास असलेली माणसं आहेतच. मानसोपचारतज्ज्ञ औषधं देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. मध्यम आणि तीव्र आजारात बऱ्याचदा दोन्ही लागतं.

पायरी ५: तपासण्या, मोजक्या पण नेमक्या

डॉक्टरांनी विचारपूस आणि तपासणी केल्यावर, पहिल्या फेरीत सहसा एवढ्या पुरतात: रक्ताचे सगळे घटक दाखवणारी सीबीसी, फेरिटिन, उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी, टीएसएच, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या चाचण्या, बी-१२ आणि लघवीची तपासणी. सोबत रक्तदाब आणि नाडी. मूल होण्याच्या वयातल्या बाईची पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणी सर्वांत आधी. हाडं किंवा मांड्या दुखत असतील तर ड जीवनसत्त्व. बाकीच्या चाचण्या यातून काय निघतं त्यावर ठरवाव्यात.

सणासुदीला सवलतीत मिळणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थकव्याचं कारण शोधायला ते घेऊ नका. नॉर्मलची मर्यादा बहुतेक वेळा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतील. म्हणजे धडधाकट माणसाच्या साठ चाचण्या केल्या तरी दोन-तीन आकडे लाल रंगात येण्याची शक्यता असते. मग त्या लाल आकड्यांच्या मागे पुढच्या तपासण्या, पुढची भीती आणि पुढचा खर्च. मूळ थकवा तिथेच.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी वाट धरा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो. आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार विमा कंपनीला मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखेच धरावे लागतात.

पायरी ६: डॉक्टरांसमोर काय बोलायचं

पहिल्याच वाक्यात मुद्दा यावा. ‘डॉक्टर, दोन महिन्यांपासून एक जिना चढला तरी दम लागतो, आधी तीन मजले चढायचे. पाळी नऊ-नऊ दिवस चालते. कशातच मन लागत नाही, पहाटे चारला जाग येते.’ एवढ्यात निम्मं काम होतं. मनाचं वाक्य शेवटी, दारातून बाहेर पडताना सांगू नका. सासूबाई किंवा नवरा सोबत असल्यामुळे बोलता येत नसेल तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं म्हणा, ते म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: कारण काय वाटतं, औषध किती दिवस, आणि परत कधी दाखवायचं.

‘एक सलाईन लावून द्या, ताकद येईल’ ही मागणी मात्र करू नका. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. घरच्या एका पोळीत तेवढ्या मिळतात, आणि पोळी खायला शिरेत सुई घालावी लागत नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं असेल आणि तोंडाने काहीच राहत नसेल, तिथे सलाईन जीव वाचवतं. जुन्या थकव्यावर ते इलाज नाही.

पायरी ७: उपचार सुरू झाल्यावर

लोहाची गोळी चहासोबत घेतली तर बरीचशी वाया जाते. चहा-कॉफीपासून दोन तास लांब, शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत घ्या. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर चालेल, किंवा डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ने चढायला हवं. न चढल्यास गोळी नीट घेतली जातेय का, रक्त अजून जातंय का, हे बघावं लागतं. आकडा भरल्यावरही साठा भरून निघण्यासाठी पुढे तीन महिने गोळी चालू ठेवतात. नेमकं इथेच बहुतेक जण थांबतात. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं असं नाही. पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, बाजरी, खात असाल तर मटण-मासे हे जेवणात असावंच, पण साठा एकदा रिकामा झाला की फक्त आहाराने तो भरत नाही.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. पुढची टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केलेली उपयोगाची नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे घ्या. ‘व्हिटॅमिनच आहे, काय होणार’ म्हणून महिनोन्महिने रोज घेणाऱ्यांचं रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडतात.

नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात आणि बहुधा ओसरतात. म्हणजे सुरुवातीला त्रासच दिसतो, गुण नाही, आणि माणूस गोळी सोडतो. घरच्यांनी या काळात सोबत राहावं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालते आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. याआधी कधी झोपेची गरजच न वाटणं, अफाट उत्साह, वारेमाप खर्च असा काळ येऊन गेला असेल तर ते गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा, कारण मग औषधच वेगळं लागतं.

सगळं नॉर्मल आलं आणि थकवा तसाच असेल तर

रिपोर्ट नॉर्मल येणं याचा अर्थ तुम्ही खोटं बोलताय असा होत नाही. सहा महिन्यांहून जास्त टिकलेला थकवा, झोपून न जाणारा, आणि थोडंसं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम आडवं पाडणारा असेल, तर दीर्घकालीन थकव्याचा एक स्वतंत्र आजार असतो. करोना किंवा दुसऱ्या संसर्गानंतर तो सुरू झालेला दिसतो. यात ‘चाला, पळा, सगळं ठीक होईल’ हा सल्ला उलटतो. काम तुकड्यांत वाटायचं, अंगात आहे त्यापेक्षा थोडं कमीच खर्च करायचं आणि मध्ये विसावा घ्यायचा. याउलट नैराश्यात, किंवा बैठ्या कामाने आलेल्या थकव्यात, रोज थोडं थोडं वाढवत चालणं हे खरंच औषध आहे. म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी वहीत बघा: चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं?

बाकीच्यांनी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवावं, त्याच डॉक्टरांना आणि त्याच वहीसकट. मध्ये नवीन काही आलं, म्हणजे ताप, गाठ, वजनात घट, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, गिळताना अडकणं, तर तेवढे दिवस थांबू नका. घरातल्या बाईचा नंबर मात्र ‘मुलांची परीक्षा होऊ दे’, ‘दिवाळी होऊ दे’ करत मागे ढकलला जातो. तेव्हा भेटीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिच्यासोबत कोण जाणार हेही त्याच दिवशी ठरवा.